मालनबाईंच्या डाळिंबबागेवर मधमाश्यांची स्वारी

श्री मल्हारी मार्तंड साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिकमासी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले. पदरचे घातले नाही, भिडेखातर गाळिलेही नाही.

एके मुलुखी माळरानाचे गावी मालनबाई लवटे या बापामागे पाच एकर डाळिंबबागेचे राज्य एकट्या चालवीत होत्या. जवळ विधवा चिंगूआत्या, हाच कुल दरबार. बाई कर्त्या, हातास उरक मोठा, परंतु स्वभाव बहुत संशयी, आणि तो उगाच नव्हे. पूर्वी खात्रीची म्हणून आणिलेली कलमे भलत्याच जातीची निघाली, आणि मग एक नवरा पाहावयास आला तो पोहे खाण्याआधी विहिरीत वाकून पाणी किती ते पाहून आला. तेव्हापासून बाईंनी लग्नाचा विषय बंद केला आणि गोड बोलणाराचे पोटात काय आहे ते आधी पाहावे ऐसा नेम धरिला. त्यात दोन वर्षे फुलगळ होऊन बहार हातचा गेला होता. यंदाही गेला तर बाग मोडून जमीन भावकीचे हाती द्यावी लागती.

ऐसियास बाग लाल फुलली, आणि त्याच सुमारास घाटाकडील संपतराव ढेबे, मधमाश्या पाळणारे, टेम्पो भरून पेट्या घेऊन आले आणि बांधापलीकडील पडीक रान मालकाकडून मागून घेऊन तळ देऊन राहिले. दुसरे दिवशी उजाडताच पेट्यांतून फौज निघाली ती तडक बांध ओलांडून बाईंचे मुलुखात शिरली आणि फुलाफुलावर बसली. बाईंनी पाहिले तों खुद्द संपतराव बांधावर उभे, डोईपासून गळ्यापर्यंत जाळी. बाई मनी म्हणाल्या, जो पुरुष दिवसाउजेडी तोंड झाकून हिंडतो त्याचा हेतू काय असावा? मग टेम्पोवर लिहिलेला नंबर मोबाईलमध्ये घालून त्याचे छायाचित्र धुंडाळिले, तों तेथेही माशीच. संशय दुणावला.

मग मसलत करून चिंगूआत्यांस हेर म्हणून रवाना केले. आत्या सकाळी गेल्या त्या जेवणवेळेस परतल्या, हाती मधाची बाटली आणि मुखी तारीफ.

"चहा लई चांगला करतो गं. आईबाप न्हाईत, एकटाच हाय."

"मी चहाचं इचारलं व्हतं का? बोलला काय ते सांगा."

"तू औषध कवा मारतीस ते इचारत व्हता. दोनदा इचारलं."

हे ऐकताच बाईंचे कपाळी आठी पडली. औषधाची वेळ परक्यास कशास पाहिजे? हा निश्चित कोणा दलालाचा माणूस, बागेचा भेद घेण्यास आला आहे. मग पाण्यात थेंब सोडून मध पारखावा म्हणून बाई पेला आणावयास आत गेल्या, आणि येऊन पाहतात तों आत्यांनी चार बोटे चाटून खाल्ला होता आणि सुखरूप बसल्या होत्या.

"खरा हाय," आत्या म्हणाल्या.

"मध खरा असंल. माणसाचं काय?"

पुढे आठवड्यात झाडांखाली फुलांचा सडा पडू लागला. बाई समजल्या, हा माश्यांचाच घात. मग ऐन सकाळी फवारणीचा पंप जोडिला, कडक औषध कालविले आणि नळी घेऊन बांधाकडील ओळीस उभ्या राहिल्या. तों संपतराव धावत आले, आणि घाईत जाळी घालावयाचे राहिले होते. बाईंनी त्यांचे मुख प्रथम पाहिले. सावळे, सरळ नाकाचे, आणि एक गाल माशी चावून सुजलेला.

"थांबा! दिवस मावळताना मारा. आत्ता समद्या माश्या फुलांवर हायत, एक बी वाचायची न्हाई."

"फुलं झडत्यात ती कुणामुळं?"

"माझ्यामुळं न्हाई. पन माझं कशाला ऐकता? बागवान तुमी, झाड तुमीच बघा."

बाईंनी वळून पाहिले. खाली पडली होती ती नर फुले, जी झडावयाचीच. आणि फांदीवर मादी फुलांचे बूड टम्म फुगून फळ धरू लागले होते. इतके दिवस नजर बांधापलीकडे, झाडाकडे पाहावयाचे राहूनच गेले. बाई मनी खजील जाहल्या, परंतु हार कैसी मानावी?

"मग औषधाची येळ आत्याला का इचारली? मला तोंड न्हाई?"

"तुमाला इचारायची छाती झाली न्हाई." संपतराव पायाशी पाहू लागले. "तुमी बांधावर आलात की मला बोलायचं सुचत न्हाई. म्हनून जाळी घालून हुबा ऱ्हायचो."

बाईंचे कान तापले. हे आणिक कोणते कपट, ऐसे मनी म्हणत त्यांनी पंप बंद केला.

त्या दिवशी फवारणी तिन्हीसांजेस जाहली. पुढे बाई पहाऱ्याचे निमित्ताने रोज बांधावर बसू लागल्या, आणि पहारा चहाचे वेळेसच का, हे आत्यांनी विचारिले नाही. फुलोरा सरला तेव्हा संपतरावांस पेट्या सूर्यफुलाचे मुलुखी हलविणे प्राप्त जाहले.

"तुमी फिरस्ते. गावोगाव असंच गोड बोलत असाल."

"गावोगाव फुलं बघितली. मानूस हितंच बघितलं."

बाईंनी यावर विश्वास ठेविला नाही. संपतराव जाताच आत्यांस घेऊन एसटीने थेट त्यांचे घाटातील गावी गेल्या आणि शेजारणीकडे चौकशी आरंभिली. शेजारीण म्हणाली, "संपत ना? महिनाभर फोनवर एका डाळिंबवालीचंच सांगतोय. लई संशयी हाय म्हनं. तीच का तुमी?" बाई पाणी पीत होत्या, त्यांस ठसका लागला. आत्यांनी पाठ चोळिली आणि त्याच बैठकीत बोलणे पक्के करून टाकिले.

माघमासी लग्न लागले. अंतरपाट धरिला असता बाईंनी हळूच कोपरा उचलून पाहिले, पलीकडे माणूस तोच आहे की बदलला. तों संपतरावही तिकडून वाकून पाहत होते. दृष्टादृष्ट जाहली. भटजींचे मंगलाष्टक थांबले, मांडव हसू लागला. बाई पदर सावरून बोलिल्या, "म्हना फुडं. मानूस त्योच हाय."

एवंच बहार साधला, बाग राहिली. बाईंचा संशय तेवढा गेला नाही. परंतु तोही आता घरातलाच एक जाहला. इतके लिहून लेखणी खाली ठेविली.