बेचाळीस घरांत गेलेलं पत्र

"अब्बा, कालचं पत्र कुनाला धाडलं तुमी?" कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरची नजर न काढता तय्यबाने विचारलं.

"तुज्या इक्बालचाचाला. पुन्याला. का?"

"एकट्या चाचाला न्हाय. ग्रुपवर गेलंय. बेचाळीस घरांत."

खलीलच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. बेचाळीस घरं म्हणजे भिवंडी-कल्याणपासून कुवेत-दुबईपर्यंत पांगलेलं सगळं खानदान. तय्यबानेच सगळ्यांचे पत्ते जोडून ई-मेलचा हा ग्रुप केला होता. खलीलला आयुष्यभर एकच रीत ठाऊक: पत्राखाली ज्याची सही, त्याला उत्तर. 'खुर्शीदखाला मे महिन्यात येतेय, कुणाकडे उतरणार?' या ग्रुपवर आलेल्या पत्राखाली इक्बालची सही होती. खलीलने उत्तराचं बटण दाबलं आणि निवांत घरी गेला.

तय्यबा मोठ्याने वाचू लागली, "'खालाला यंदा तू ठेवून घे. ती आली की तिसऱ्या दिवशी घरातले सगळे डबे जागा बदलतात. गेल्या साली साखर समजून मी चहात मीठ घातलं. दुपारी जरा डोळा लागला की हलवून उठवते...'"

"बस कर! खालाचा पत्ता हाय का त्या ग्रुपवर?"

"त्यांच्या सुनेचा हाय. ती रोज सगळं वाचून दाखवते त्यांना."

खलीलने कप टेबलावर ठेवला. पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून खालाने, आईच्या बहिणीने, त्याला हाताने भरवून वाढवलं. आणि चार डब्यांपायी तो तिलाच तोडून बसला होता.

"परत बोलव ते पत्र!"

"ई-मेल हाय अब्बा, रिक्षा न्हाय."

"मग माफी लिव. लवकर!"

माफी लिहायच्या आतच उत्तरं येऊ लागली. इक्बालने लिहिलं, 'भाई, माझ्याकडे नको. माझी बायको माहेरी निघून जाईल.' कल्याणची नसीबा म्हणाली, 'बरं झालं, कुणीतरी बोललं.' प्रत्येकाने खलीलला गुपचूप लिहिलं होतं आणि प्रत्येकाने तेच बटण दाबलं होतं. संध्याकाळपर्यंत सतरा घरं झाली.

"आनि ही म्हने शिकलेली मानसं!" खलीलला तेवढ्यातही जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालाचं उत्तर आलं. तेही सगळ्यांना.

'सुनेनं समद्यांची पत्रं वाचून दाखवली. दरसाल गोड बोलून जेवू घालता, आनि पोटात हे? पयला खरं बोलला तो माजा खलील. यंदा मी दुसऱ्या कुनाच्या दारात पाय ठेवनार न्हाय. मे आनि जून, दोनी महिने खलीलकडं. तय्यबा, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेव. मी डबे हलवीन, चिठ्ठ्या न्हाय.'

खलीलने डोळे पुसले. मग एकदम थांबला. "दोनी महिने?"

"तसंच लिवलंय. काय उत्तर देऊ?"

"ये म्हनून लिव. वाट बघतो म्हनाव."

"एकट्या खालाला, का समद्यांना?"

"समद्यांना! बघू दे त्यांना पन."

एवढं सांगून त्याने कोपऱ्यातली चटई पसरली आणि भर सकाळी अकरा वाजता आडवा झाला. एप्रिल संपायला बाराच दिवस उरले होते, आणि झोप दोन महिन्यांची घ्यायची होती.