जाफूनं शेत खाल्लं
"काका, शनिवारी पाहुणे येणार आहेत. नॉ पुसून ठेवा," शिडीच्या खालच्या पायरीवरूनच मुखिया जाफूनं फर्मान सोडलं.

वर पडवीत जाथो म्हातारा मिरच्या कुटत बसला होता. त्यानं बत्ता थांबवला नाही.

"कुठं वाजवायचं?"

"कुठं म्हणजे? आपल्या नव्या चौथऱ्यावर."

"आपल्या?" जाथोनं एक मिरची अशी ठेचली की खाली जाफूला शिंक आली. "चौथरा तुझा असेल. त्याच्या खालचं शेत माझं आहे."

आता हे शेताचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढं हसायचं कुठं ते कळणार नाही. ओढ्याकाठचा तो सपाट तुकडा जाथोच्या बापानं बांबूचं रान तोडून काढला होता. डोंगरात सपाट जमीन म्हणजे काय चीज असते, ते जन्मभर उतारावर एक पाय वाकवून भात पेरणाऱ्यालाच विचारा. जाफूनं तो तुकडा "पाहुण्यांच्या दोन झोपड्या होईपर्यंत" मागून घेतला. सख्खा पुतण्या, त्यात मुखिया. नाही कसं म्हणायचं? झोपड्या झाल्या, झोपड्यांना वाट झाली, वाटेच्या टोकाला सिमेंटचा चौथरा झाला, आणि सिमेंटवर भात उगवत नाही. आमच्याकडं जमिनीला कागद नसतो, मुखियाचा शब्द हाच कागद. म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं. जाथो गावच्या बैठकीत गेला. पण बैठकीतल्या एकाची बायको पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती, दुसऱ्याची पिकअप त्यांना डोंगरावर आणत होती, तिसऱ्याच्या सुना त्यांना पिशव्या विकत होत्या. सगळे म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय, ते जगात कुठंही सारखंच.

"मी पाहुण्यांसमोर बोलणार," जाथो म्हणाला.

"काका, तुमच्या पाया पडतो, पण तोंड उघडू नका! शहरातून मोठे आचान येतायत, कॉलेजात शिकवणारे गुरुजी. नॉचा अभ्यास केलेला माणूस आहे. त्यांनी चांगलं म्हटलं तर गावाचं भलं होईल. तुम्ही फक्त वाजवायचं."

"फक्त वाजवायचं?"

"फक्त वाजवायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"बरं," जाथो इतक्या शहाण्यासारखं म्हणाला, की चुलीपाशी बसलेल्या नाशी म्हातारीनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

जाफूही थायलंडच्या डोंगरातल्या आम्हा लाहू लोकांतलाच. नॉ बोलतो हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. पण मुखिया झाल्यापासून त्याचा कान कायम फोनला चिकटलेला, त्यामुळे विसरला बिचारा. नॉ म्हणजे कडू भोपळ्यात बांबूच्या नळ्या खोचून केलेला आमचा पावा. आमच्या भाषेत शब्द वर नेला तर एक अर्थ, खाली सोडला तर दुसरा. नॉ ते चढउतार तसेच्या तसे काढतो, म्हणून जाणणाऱ्याशी तो सरळ बोलतो. जाथोनं नाशीला मागणीसुद्धा नॉवरच घातली होती, दरीच्या पलीकडून. तिनं मोरचंग दातात धरून उत्तर दिलं होतं, "आधी पाय धुऊन ये." शिवाय दोन गोष्टी आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतात. नॉनं बोललेल्याला नॉनंच उत्तर द्यायचं, तोंडानं नाही. आणि नॉ वाजत असेपर्यंत नाचाचा गोल मोडायचा नाही.

शनिवारी दुपारी पाहुणे आले. ठेवणीतली काळी जाकिटं घालून सगळा गाव चौथऱ्यावर घामाघूम उभा होता. आचान विरोत सज्जन दिसत होते. त्यांनी हात जोडले आणि थाईत भाषण केलं. जाथोला थाई मोडकं समजायचं, पण एक वाक्य त्याच्या काळजात जाऊन बसलं. आचान म्हणाले, "नॉ माझ्याशी बोलतो."

"ऐकलंस म्हातारे?" जाथो कुजबुजला. त्याचा चेहरा कधी नव्हे तो खुलला होता. "याला कळतं. शेवटी एक माणूस भेटला ज्याला कळतं!"

"कळलं तर देव पावला," नाशी म्हणाली. "नीट सांग. घाई करू नकोस."

जाथोनं नॉ ओठांना लावला. बायकांनी हातात हात गुंफले, पुरुष त्यांच्यापुढं उभे राहिले. मुखिया म्हणून जाफू सगळ्यांच्या पुढं. आणि नॉ म्हणाला, "जाफूनं माझं शेत खाल्लं."

पहिल्याच फेऱ्यात सगळ्या बायकांची पावलं चुकली. एकीला ठसका लागला.

"शेत खाल्लं, सिमेंट ओकला," नॉ म्हणाला. "मुखिया का रानडुक्कर, मुखिया का रानडुक्कर."

जाफूचे कान लाल झाले. पण करतो काय? तोंडानं उत्तर देता येत नाही, नॉ वाजवता येत नाही, गोल मोडता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात, पाहुण्यांकडं बघून हसत तो आपल्याच शिव्यांवर नाचत राहिला. गाव इतकं हसलं, की पाहुण्यांना वाटलं किती आनंदी लोक आहेत हे!

"याचा अर्थ काय हो?" एका बाईंनी जाफूला विचारलं.

"अर्थ?" जाफू धापा टाकत म्हणाला. "म्हणतात, पाहुणे आले, शेत पिकलं."

आचानांनी डोळे मिटले होते. "भूमीविषयी कृतज्ञता आहे ही," ते भरल्या गळ्यानं म्हणाले. "पेरणीआधीची प्रार्थना!"

जाथोला वाटलं, गोंगाटात नीट ऐकू गेलं नसेल. तो वाजवत वाजवत थेट आचानांच्या कानापाशी गेला. एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं नॉनं सांगितलं, "आचान, तुम्हीच सांगा त्याला. माझं शेत मला दे म्हणावं." आचानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जाथोलाही रडू आलं. पोचलं एकदाचं!

आचान उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा वाजवता का?"

तेव्हा मात्र जाथोचं डोकं फिरलं. त्यानं नॉ खाली ठेवला आणि लाहूत ओरडला, "अहो, वाजवता काय? हे शेत माझं आहे! माझं!"

"काय म्हणाले?" आचानांनी विचारलं.

 जाफू हात जोडून म्हणाला, "म्हणतात, माझं शेत ते तुमचंच समजा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या बाईंनी जाथोला मिठीच मारली. मेल्यांनो, मिठ्या कसल्या मारता!

पुढं व्हायचं ते झालंच. आचानांनी केलेलं चित्रण फोनाफोनांतून फिरलं आणि जो तो "ती प्रार्थना" ऐकायला डोंगर चढू लागला. जाफूनं आधी दुसरं काहीतरी वाजवून घ्यायचा प्रयत्न केला; पण पाहुण्यांना तेच हवं होतं. पिकअपमागून पिकअप यायला लागल्या तसा त्यालाही शिव्यांचा गोडवा कळला. त्यानं जाथोच्या गळ्यात रेशमी पट्टा घातला, त्याला 'संगीत गुरू' केलं, वेशीवरच्या कर्ण्यावर तीच धून लावली. शाळेतल्या पोरांना ती स्वागतगीत म्हणून पाठ करायला दिली. उरलेल्या शेतावर आणखी झोपड्या उठल्या.

आणि गाव? पहिल्या शनिवारी पोट धरून हसलं. पुढच्या शनिवारी गालातल्या गालात. मग हसणंही संपलं. नॉ म्हणायचा, "जाफूनं माझं शेत खाल्लं," आणि बायका नाचता नाचता उद्याच्या बाजाराचं ठरवायच्या. जाफूचं तान्हं पोर त्या धुनीशिवाय झोपेना. एखाद्याचं खरं बुडवायचं असेल तर ते दाबू नये. त्याचं गाणं करावं आणि आठवड्याच्या आठवड्याला वाजवावं.

"म्हाताऱ्या, बंद कर आता," एके दिवशी नाशी म्हणाली. "मलासुद्धा ऐकू येईनासं झालंय. काल भात निवडता निवडता मी ते गुणगुणत होते. लाज वाटली मला."

त्या शनिवारी जाथोनं खरंखुरं स्वागताचं गाणं वाजवलं, बापानं शिकवलेलं. या, बसा, चहा घ्या, एवढंच. पाहुणे चुळबुळले. हे अस्सल नाही, म्हणाले. आम्ही इतक्या लांबून आलो आणि तुम्ही भलतंच काय ऐकवता?

जाफू लगबगीनं जाथोपाशी आला. "काका, हे काय? ते वाजवा ना."

"ते कोणतं?"

"ते हो. आपलं नेहमीचं."

"मला नाही आठवत. नाव घेऊन सांग."

"आता चेष्टा नको काका, लोक उठून चाललेत," जाफू काकुळतीला आला. "जाफूनं शेत खाल्लं, ते!"

त्याच्या कॉलरला माईक होता. कर्ण्यातून वाक्य सगळ्या डोंगरावर घुमलं. पाहुण्यांना अर्थातच काही कळलं नाही. गावाला सगळं कळलं. गोल थांबला.

"ऐकलंत ना?" नाशी सगळ्यांकडं वळून ओरडली. "स्वतःच्या तोंडानं म्हणाला! नॉनं नाही, तोंडानं! आता तरी बोला रे!"

जाथोनं नॉ खाली ठेवला. "मग दे परत," तो म्हणाला. "चौथरा राहू दे. उरलंय तेवढं दे."

जाफूनं माईकवर हात ठेवला. त्याला राग आला नव्हता, हेच वाईट होतं. "देतो की काका. आजच देतो. पण शेत परत दिलं, तर मग वाजवाल काय?"

जाथोनं गोलाकडं पाहिलं. स्वयंपाकवाली होती, पिकअपवाला होता, पिशव्या विकणाऱ्या सुना होत्या. सगळे जमिनीकडं बघत होते. नाशीची सख्खी धाकटी बहीणही गोलात होती. तीच शेवटी बोलली.

"वाजवा की भावजी. लोक खोळंबलेत."

नाशीनं शेजारणीच्या हातातून हात सोडवला आणि ती घराच्या दिशेनं चालू लागली. जाथो तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग त्यानं नॉ उचलला. तीच धून, तोच ठेका, फक्त एक शब्द बदलला. नॉ म्हणाला, "गावानं माझं शेत खाल्लं."

गोल फिरू लागला. पाहुण्यांनी फोन वर धरले.

"आज थोडं वेगळं वाटतंय," त्यातल्या एका जाणकारानं विचारलं. "शब्द बदललेत का?"

"हो, नवीन कडवं आहे," जाफू खूष होऊन म्हणाला. "आता त्यात सगळं गाव आलं."