मोठ्या साहेबांच्या शर्टातला मासा

"तू बघच! मोठे साहेब मासे बघायला बसले, की खुर्चीतून उठायचेच नाहीत!" बायकोला असं छातीठोकपणे सांगून फूटपट्टीने टाकीची काच पुन्हा एकदा पुसली.

फूटपट्टी हे त्याचं ऑफिसातलं नाव. इमारतींचे नकाशे काढणं हा त्याचा धंदा, आणि माणूस असा की चपलासुद्धा काटकोनात काढून ठेवायचा! सध्या एका मुलांच्या दवाखान्याने त्याच्या डोक्यात घर केलं होतं. तिथल्या वेटिंग रूमच्या भिंतीत माशांची टाकी बसवायची, आणि मासेही ऐरेगैरे नाहीत, रिकाम्या शंखांत बिऱ्हाड थाटणारे सिक्लिड जातीचे!

"इंजेक्शनला घाबरलेलं पोर रडायचं विसरेल, साहेब!" तो म्हणाला होता.

"आधी मला दाखव," मोठे साहेब म्हणाले होते. "पटलं तर दवाखान्याचं सगळं काम तुझं."

सगळं काम! आजवर दुसऱ्यांच्या नकाशांत नुसते जिने आणि संडास काढून विटलेल्या फूटपट्टीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मासे होते करंगळीएवढे, पण रुबाब जमीनदाराचा! फूटपट्टीने त्यांना वाळूवर शंखांच्या दोन सरळ ओळी मांडून दिल्या होत्या, मधून ऐसपैस रस्ता काढला होता. माशांना हा नकाशा काही पसंत पडला नाही. तोंडात वाळू भरायची, लांब नेऊन थुंकायची, असा सपाटा लावून त्यांनी शंख पार वाकडेतिकडे पुरून टाकले. तो चिमट्याने शंख सरळ करायचा, ते पुन्हा तिरके करायचे. एकाने तर त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला!

"त्यांचं घर आहे, त्यांना ठरवू दे की," बायको म्हणाली.

"घर त्यांचं असेल, रस्ता माझा आहे!"

संध्याकाळी मोठे साहेब आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. ते टाकीसमोर बसले मात्र, सगळे मासे सटासट शंखांत!

"मासे कुठेत?"

"शंखांत आहेत, साहेब."

"आणि शंख?"

"ते... वाळूत."

"म्हणजे मी आत्ता वाळू बघतोय."

"जरा गप्प बसलो ना, की येतील बाहेर!"

सगळे गप्प बसले. साहेब, फूटपट्टी, बायको आणि फूटपट्टीची आई. परीक्षेच्या हॉलमध्ये असते तशी शांतता! मासा काही येईना. साहेबांनी जांभई दिली.

"थांबा, खाणं दाखवतो त्यांना!" म्हणून तो स्वयंपाकघरात पळाला. डबी सापडेना म्हणून बायकोही मागोमाग गेली.

पाहुण्याला असं ताटकळत ठेवणं आईच्या जिवावर आलं. "शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो म्हणतात," ती म्हणाली.

"असं? मी लहानपणापासून ऐकतोय, कधी लावून नाही पाहिला." साहेबांनी बाही वर केली, टाकीत हात घातला, एक शंख उचलला आणि डोळे मिटून कानाला लावला.

फूटपट्टी डबी घेऊन दारात आला आणि किंचाळला, "साहेब, हलू नका! आत मासा आहे!"

'हलू नका' म्हटल्यावर जगात कोण हललं नाहीये? साहेब दचकले, शंख कलंडला, आणि घरमालक पाण्यासकट सुळकन त्यांच्या कॉलरमध्ये!

"आई गं! चालतंय! आत काहीतरी चालतंय!" साहेब उडायला लागले. गरम तव्यावर लाह्या फुटतात ना, तसे!

ओला हात, विजेची टाकी आणि उड्या मारणारा माणूस. आईने एका क्षणात निदान केलं. "शॉक लागला! हात लावू नका कोणी!" तिने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला आणि झाडूच्या लाकडी दांड्याने साहेबांना जोरात ढोसून टाकीपासून सोडवलं. साहेब थेट सोफ्यावर!

"अहो बाई, शॉक नाही, मासा!"

"मासा? मग ओरडता काय एवढे!"

अंधारात फूटपट्टी साहेबांवर झेपावला. "शर्ट काढा, साहेब! तो मरेल!" बटणं पटापट सुटली, एक तुटलं. बायकोने टॉर्च धरला. पाठीवर नाही, बाहीत नाही... "थांब, बनियनमध्ये! गुदगुल्या होताहेत!" फूटपट्टीने ओंजळीत मासा धरला, टाकीत सोडला, पाठोपाठ शंखही. मासा क्षणभर निपचित पडला.

मग त्याने शेपटी झटकली आणि तडक आपला शंख गाठला!

"जगला!" फूटपट्टी ओरडणार, तोच साहेबांनी त्याचं तोंड दाबलं. "श्श! बघ!"

दिवा नाही, पंपाची घरघर नाही. टॉर्चच्या मंद उजेडात एकेक मासा दारात आला. घरी परतलेल्याने तोंड भरून वाळू घेतली आणि शेजाऱ्याच्या दारात थुंकली. शेजारी फणकारून बाहेर आला. जुंपली! आणि कोपऱ्यातल्या शंखातून, अगदी स्वल्पविरामाएवढी, पिल्लं बाहेर आली. एक, दोन, मग मोजताच येईनात! पिल्लं झालीत हे खुद्द फूटपट्टीलाही ठाऊक नव्हतं. त्याला आनंदाने हुंदकाच फुटला.

मोठे साहेब ओल्या बनियनवर काचेला नाक लावून बसले होते. "अरे, हा बघ! अरे, ती बघ! आख्खी वस्ती आहे रे!"

बऱ्याच वेळाने ते उठले. "काम तुझं! उद्याच डॉक्टरांना हे दाखवायचं. आणि येताना आईंना नक्की घेऊन ये. त्यांनी स्विच ओढला म्हणून मासे दिसले. तुझ्या भरवशावर मी वाळूच बघत बसलो असतो."

"हो साहेब!" फूटपट्टी हरखून गेला. मग त्याला शंका आली. "पण... मी तिथे काय करू?"

शर्टाचं तुटलेलं बटण शोधत साहेब म्हणाले, "डॉक्टरांचा शर्ट कोणीतरी धरायला नको का?"