केयाचा जुलै

आमची केया स्टॉक कार चालवते, हे इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका काकूंनी मला शेअरचे भाव विचारले. म्हणून आधीच सांगतो, ही शर्यतीची गाडी असते. बाहेरून साध्या गाडीसारखी दिसते, पण आत नुसता लोखंडी पिंजरा, पुढ्यात तापलेलं इंजिन आणि एसी नाही. आमची मुलगी आठवडाभर इंजिनियरची नोकरी करते आणि शनिवारी जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटा गावाबाहेरच्या एका लहानशा ट्रॅकवर त्या पिंजऱ्यात बसून गोल गोल फिरते.

गेल्या वर्षी जुलैत, भर दुपारच्या शर्यतीनंतर ती गाडीतून उतरली ती थेट एका टायरवर बसली. चेहरा लालबुंद. उत्तरानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाण्याची बाटली पुढे केली, पण केयाला ती धरता येईना.

"आय ॲम फाइन," ती म्हणाली, पण आमच्याकडे न बघता.

घरी येताना वाटेतच मी एक छोटासा निर्णय घेतला. पुढच्या सीझनचं वेळापत्रक आपण करायचं.

ट्रॅकचे मालक मिस्टर हॉलिस दर वर्षी ते काम वैतागून करायचे. "मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं प्लॅनिंग करतोय," म्हटल्यावर त्यांनी ते लगेच माझ्या गळ्यात टाकलं. (त्यातला एकही प्रोजेक्ट वेळेवर संपलेला नाही, हे त्यांनी विचारलं नाही.)

उन्हाळ्यातल्या शर्यती मी रविवारी सकाळी ठेवल्या. हॉलिस म्हणाले, लोक चर्चला जातात. संध्याकाळी ठेवल्या, तर जॉर्जियात हमखास गडगडाटी पाऊस, आणि ओल्या ट्रॅकवर या गाड्या घसरतात. ऑक्टोबरात ढकलल्या, तर शनिवारी अख्खं राज्य फुटबॉल बघतं. शेवटी मी जुलै आणि ऑगस्ट कोरे ठेवले, 'समर ब्रेक' असं झकास नाव दिलं आणि निश्चिंत झालो.

वेळापत्रक वेबसाइटवर आलं, त्या दिवशी केया तरातरा स्वयंपाकघरात आली.

"बाबा, माझा जुलै कुठे गेला?"

"अगं, ऊन फार असतं..."

"आय नो! बाकीचे उन्हात थकतात, म्हणून तर मला तेव्हाच चान्स असतो. विंटरभर सॉनाच्या गरम खोलीत बसून मी प्रॅक्टिस केलीय, बाबा!"

"पण मागच्या वर्षी तुझे हात..."

ती हळूच म्हणाली, "मलापण भीती वाटली होती. म्हणूनच प्रॅक्टिस केली ना. तू मला एकदा विचारायचंस तरी."

"ह्यानं मला तरी कुठे विचारलं?" पोळी लाटता लाटता उत्तरा म्हणाली.

जिच्या काळजीनं एवढा खटाटोप केला, तिलाच मी वगळलं होतं. मग तिघांनी टेबलाशी बसून जुलै परत आणला. सूर्य कलल्यावर सुरुवात करायची, पाऊस आला तर दुसऱ्या दिवशी, आणि मध्येच शर्यत थांबवून सगळ्यांनी गाडीबाहेर यायचं, बर्फाचे टॉवेल घ्यायचे. हॉलिसना पटलं. त्यांनी मला हीट सेफ्टी ऑफिसरही करून टाकलं.

गाड्यांजवळ उभं राहायचं तर आगीपासून वाचवणारा जाड सूट घालावा लागतो. जुलैतल्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी मी तो दुपारीच चढवला. (फोटो काढायचे होते.) मग भर उन्हात प्रत्येक ड्रायव्हरला "पाणी प्या, पाणी प्या" सांगत हिंडलो. मी स्वतः कॉफी पीत होतो.

शर्यत सुरू झाली. मध्यंतराला केया चौथी होती. गाडीतून उतरली, मानेवर टॉवेल टाकला आणि माझ्याकडे बघून हसली. वर्षभर मी त्या हसण्याची वाट बघत होतो. मी तिच्याकडे निघालो आणि गाड्यांऐवजी ट्रॅकच माझ्याभोवती फिरायला लागला.

डोळे उघडले तेव्हा मी ॲम्ब्युलन्समध्ये होतो. केया माझा हात घट्ट धरून बसली होती. आता चेहरा तिचा उतरला होता.

"बाबा, पाणी पी."

"तू जा गं! शर्यत सुरू होईल."

"होणार नाही. रिकामी ॲम्ब्युलन्स उभी असल्याशिवाय रेस सुरू करता येत नाही. सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

मी घाईघाईनं पाणी प्यायलो आणि उत्तराच्या खांद्याला धरून खाली उतरलो. लाउडस्पीकरवर घोषणा झाली, आपले हीट सेफ्टी ऑफिसर आता ठीक आहेत. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

"हात हलव," उत्तरा कानाशी म्हणाली. "त्याशिवाय बसणार नाहीत."

केया दुसरी आली. माझी योजना हॉलिसना इतकी आवडली, की पुढच्या वर्षीचा जुलै त्यांनी जसाच्या तसा ठेवलाय. हीट सेफ्टी ऑफिसर मात्र उत्तरा आहे. मला तिकीट काढून यायला सांगितलंय.