केसांपायी गड गेला त्याची हकीकत

श्रीजगदंबा साक्ष. शके सोळाशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, ते वर्षी एका राज्याचा गड केसांपायी गेला, ते वर्तमान जैसे ऐकिले तैसे लिहिले, अधिक-उणे श्रोत्यांनी पोटात घालावे.

त्या राज्याची रीत ऐसी की, महाराज मोहिमेस निघाले म्हणजे राणीसाहेबांनी रोज सकाळी केस विंचरावे आणि फणीस येतील तितके रुप्याच्या ताटात घालून सदरेस पाठवावे. केस गळाला तो आपला शिपाई पडला, ऐसा सर्वांचा निश्चय. पाच-पन्नास केस कोणाचेही रोज गळतात, तेव्हा सदर म्हणे, लढाई आहे, माणसे पडायचीच, आणि विडे खाऊन उठे. दसऱ्यास महाराज फौजेनिशी कूच करिते जाहले, आणि त्याच सुमारास चिमाऊ राणीसाहेब प्रसूत होऊन पुत्र जाहला, गडावर साखर वाटली. मग गनिमाने येऊन वेढा घातला आणि बाहेरील खबर बंद जाहली. मग पौषमासी राणीसाहेबांचे केस झुबक्यांनी गळू लागले. त्यांनी भिऊन ते उशीखाली लपविले, आणि दासी भिवरेने रडत रडत नेऊन सदरेस दाखविले. सदरेचे धाबे दणाणले.

त्रिमलपंत कारभारी महाली येऊन बोलिले, "राणीसाहेब, फौज बुडाली. आता वाट कोणाची पहावी? गनीम अभयाचा कौल देतो. किल्ल्या द्याव्या, लेकराचे प्राण तरी वाचतील."

राणीसाहेब म्हणाल्या, "पंत, आमच्या थोरल्या बहिणीचे केसही बाळंतपणानंतर तिसरे महिनी ऐसेच गळाले, आणि तिचा दादला तर घरी ओटीवर घोरत होता. केसाचा जीव मुळाशी असतो, वर दिसतो तो मेलेलाच. मुळास धक्का बसला की केस दोन-तीन महिन्यांनी हाती येतो. हे मागले दुखणे आहे, आजचे नव्हे."

पंत म्हणाले, "त्यांच्या केसांवर राज्य नव्हते."

दुसरे दिवशी फणीबरोबर बटच्या बट आली. राणीसाहेबांनी एक केस दोहों बोटांत धरून ओढिला, तो ताणला परंतु तुटेना. एवढा चिवट, आणि मुळातून मात्र आपणच सुटून आला. तेव्हा त्यांचा धीर खचला, हाच महाराजांचा केस ऐसे मनात आले, आणि बहिणीचे सर्व ठाऊक असोन त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून दिल्या. जाणत्याची मती भयाने अशी फिरते, दुसऱ्यास काय बोल लावावा!

माघमासी महाराज फत्ते करून सगळ्या फौजेनिशी नौबत वाजवीत आले, तो आपलाच दरवाजा बंद आणि बुरुजावर गनिमाचे निशाण. महाराजांनी हल्ला केला, आणि आपल्याच पायऱ्यांवर गोळी लागून पडले, फौज कापली गेली. राणीसाहेबांनी कैदेच्या झरोक्यातून सर्व पाहिले. त्या सकाळी फणीस एकही केस आला नव्हता.

चैत्रात भांगाशी पेरभर नवे केस दाट उगवले. भिवरा हरखून म्हणाली, "आईसाहेब, आले की वो सगळे!"

राणीसाहेब म्हणाल्या, "केस आले, भिवरे."

येणेप्रमाणे गड गेला, धनी गेला, वंश परक्याच्या अन्नावर वाढला. रुप्याचे ताट गनिमाने नेले. इति.