शंभर टक्के पाऊस आणि रुखवताच्या कुरडया

सुगंधाबाईंनी विचारलं होतं एवढंच, "अहो, दोन-तीन दिस ऊन पडंल नव्हं?"

मार्च महिना आणि बोईसर. अशा प्रश्नाला कुठलाही शहाणा नवरा "पडेल की" म्हणतो आणि चहा मागतो. नागोरावांनी मात्र चष्मा पुसला, मोबाईल उघडला आणि म्हणाले, "बघून सांगतो."

तिथंच सगळं बिनसलं.

बाईंच्या विचारण्याला कारण होतं. लेकीचं, प्रियदर्शिनीचं, लग्न वैशाखात ठरलेलं. रुखवतात गुलाबी, हिरव्या, पिवळ्या कुरडया मांडणार म्हणून लातूरच्या विहीणबाईंना सांगूनही झालेलं. सासर पक्कं माळकरी. अंड्याचं नाव कानावर पडलं तरी चूळ भरणारी माणसं. गहू दोन दिवसांपासून भिजत पडलेला. भिजलेला गहू काही कुणासाठी थांबत नाही.

नागोरावांच्या मोबाईलमध्ये कंपनीच्या ग्रुपवर आलेला एक तक्ता होता. 'वसंत ऋतूचा हवामान अंदाज, डोंगराळ विभाग.' खाली तीन ओळी. सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता चाळीस टक्के. सरासरीइतक्या पावसाची पस्तीस. सरासरीपेक्षा कमी पावसाची पंचवीस. नागोरावांनी बेरीज केली. (दोनदा केली. दुसऱ्यांदा खालून वर, खात्रीसाठी.)

"शंभर!" ते ओरडले. "तिन्ही ओळींत पाऊसच हाय! जास्त पडंल, बेताचा पडंल नाहीतर कमी पडंल, पण पडंल! शंभर टक्के!"

"पप्पा, तसं नसतं," प्रियदर्शिनी म्हणाली. "ते तीन महिन्यांचं मिळून असतं. आणि कमी म्हणजे..." एवढ्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, भाग्येशचा, फोन आला. ती गॅलरीत गेली ती पाऊण तासाने परतली. तोवर नागोरावांच्या डोक्यात अर्धं विज्ञान पक्कं बसलं होतं. शंभर टक्के पाऊस, आणि तोही तीन महिने.

"पडू द्या नाहीतर राहू द्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "मी कुरडया घालणार." आणि गहू दळून, चीक शिजवून त्यांनी खरंच घातल्या. सगळी गच्ची गुलाबी-हिरवी झाली.

नागोरावांचा जीव मात्र टांगणीला. आपण डोंगराळ विभागात येतो की नाही, हे तक्त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. गच्चीवरून पूर्वेला डोंगर तर दिसतो. मग त्यांनी कंपनीत जिवल्याला गाठलं. जिवल्या मोखाड्याकडचा. पावसाळ्यात गावी नाचणी-वरई करायची आणि एरवी बोईसरला कंपनीत यायचं, असा त्याचा नेम. डोंगराच्या बाबतीत त्याच्याइतका जाणकार पाळीत दुसरा नव्हता.

"जिवल्या, डोंगर कुठपासून धरायचा रे?"

"चढ लागला का डोंगर, सायेब."

"आणि उतार लागला की?"

"उतार लागला का जाऊन जाऊन दर्या. पन तुमाला कशाला काळजी? भिजंल तं आमची मोहाची फुलं भिजतील. तुमी तं बिल्डिंगीत राता."

नागोरावांनी हिशोब मांडला. स्टेशनावरून घरी येताना आपल्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागतो. (सुगंधाबाई याचं कारण पोट सांगत.) म्हणजे चढ आहे. चढ आहे म्हणजे डोंगर आहे. आणि डोंगर आहे म्हणजे शंभर टक्के!

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी. मायलेकी ब्लाउज टाकायला पालघरला निघाल्या. जाताना सुगंधाबाईंनी बजावलं, "कावळे हाकलत बसा. दुसरं काई करू नका. काईच!"

सव्वाअकराला डोंगरावर एक ढग आला. हातरुमालाएवढा असेल. कावळ्यांनीही त्याची दखल घेतली नाही. नागोराव मात्र ताडकन उठले. अर्ध्या सुकलेल्या कुरडया त्यांनी सहा पराती आणि दोन घमेल्यांत अलगद भरल्या, रिक्षा बोलावली आणि उतार संपतो तिथं, म्हणजे नवापूरला समुद्रावर गेले. स्वतःच्या हुशारीचं त्यांना वाटेत दोनदा भरून आलं.

किनाऱ्यावर बांबूंना दोर बांधून बोंबील टांगलेले, खाली जाळ्यांवर मांदेली पसरलेली. मधोमध राखण करत साखरबाई नावाची कोळीण बसलेली.

"दादा, शेवया हायेत का ह्या?"

"कुरडया. लेकीच्या लग्नाच्या हायेत. तिकडं डोंगरात पाऊस येतोय."

"अगो बाय, लग्नाच्या!" साखरबाई उठलीच. परक्या माणसासाठी तिने बोंबलांच्या खालची चांगली जागा मोकळी केली, धुतलेलं जाळं अंथरलं. "टाक हितं. वरून ऊन, खालून वारा. सांजपर्यंत खडखडीत नाय झाल्या तं नाव बदलीन."

झाल्याही खडखडीत. आणि वासाचं म्हणाल, तर रंगाच्या कंपनीत बावीस वर्षं काढल्यावर नागोरावांच्या नाकाने केव्हाच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा गच्चीवर हाहाकार होता. कुरडया चोरीला गेल्या म्हणून शेजारची सपना काठी घेऊन टाकीवर चढलेली, आणि सुगंधाबाई कठड्याला टेकून रडण्याच्या बेतात.

"चोरीला नाही गेल्या! वाचवल्या!" नागोरावांनी पराती मांडल्या. "बघ, कशा वाजतात!"

सगळे जवळ आले. मग सगळे दोन पावलं मागे सरकले. फक्त बिल्डिंगची मांजर तेवढी पुढे आली, आणि नागोरावांच्या पायाला अंग घासू लागली.

"अहो," सुगंधाबाईंचा आवाज फार हळू होता, "कुठं नेलताव?"

"उताराला."

"उताराला कुठं?"

"नवापूरला. डोंगराळ विभागात शंभर टक्के पाऊस..."

प्रियदर्शिनीने त्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि तक्ता बोटाने खाली ओढला. वर अजून एक ओळ होती. "पप्पा, हा डोंगर हिमालयातला आहे. आणि अंदाज गेल्या वर्षीचा."

नागोरावांनी आभाळाकडे बघितलं. एक थेंब पडला असता तरी अब्रू राहिली असती. पण आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं.

 पहाटे सुगंधाबाईंनी पुन्हा गहू भिजत घातला, आणि या खेपेला कुणालाही काही विचारलं नाही. बोंबलाचा वास लागलेल्या आधीच्या कुरडया साखरबाईकडे गेल्या. बोंबलाच्या कालवणासोबत फार झकास लागल्या आणि पुढच्या वर्षीही आणा, असा तिचा निरोप आला. नव्या कुरडया सुकेपर्यंत नागोरावांना गच्चीचा जिना बंद होता. तळमजल्यावर ते आणि मांजर, दोघे बसून असत.

विहीणबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. फक्त प्रियदर्शिनी रोज पाऊण तास भाग्येशशी फोनवर काय बोलते, हे विचारायचं राहून गेलं.

आठव्या दिवशी लातूरहून फोन आला. नेमका नागोरावांनी उचलला.

"व्याही, बरे आहात ना?" विहीणबाई म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी पाऊस येईल का, ते मी विचारत नाही. मंडप कुठं घालणार तेवढं सांगा. बोंबलांपासून किती लांब?"

घाम पुसता पुसता नागोरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बघून सांगतो."