ब्रदर का आणि सहा महिन्यांचा नियम

अभिषेकाच्या तेलाची मात्रा माणशी अर्धा थेंब असावी, हा ठराव गिलियड रोड चॅपलच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. त्या चारांत माझंही एक मत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःला बराच भला माणूस म्हणून रंगवणार आहे.

ठरावाला कारण होतं. आमच्या सिकॅमोर फोर्क गावात कारणाशिवाय ठराव होत नाही. कारण सापडत नसेल तर ते शोधायला आधी समिती नेमतात. झालं असं, की आमच्या चार वडिलांतले सर्वांत थोरले ब्रदर बर्ट, ब्रदर डॉयलच्या पाठदुखीसाठी प्रार्थना करत होते. भरात येऊन त्यांनी अख्खी बाटली डॉयलच्या टकलावर उपडी केली. बायबलातल्या अहरोन याजकाच्या दाढीवरून तेल अंगरख्याच्या काठापर्यंत ओघळलं होतं म्हणतात. डॉयलला दाढी नाही. तेल अडलं नाही. ते डोळ्यांत गेलं, कॉलरीत गेलं, नव्या कोटातून उतरून बुटांत गेलं, आणि 'हालेलूया' म्हणत डॉयल जो घसरला तो थेट पियानोखाली. त्या दिवसापासून त्याची पाठ दुखलेली नाही. पण अपघाताच्या फॉर्मवर ही गोष्ट लिहायला रकानाच नव्हता, म्हणून ती घडली नाही असं धरलं गेलं.

पंधरा दिवसांत विमा कंपनीचं पत्र आलं. 'मानवी पृष्ठभागावर तेलकट द्रवाचा अनियंत्रित वापर' ताबडतोब थांबवावा, असं त्यात होतं. आमचे पास्टर ट्रेंट तरुण आणि उत्साही. त्यांनी लगेच अभिषेक सुरक्षा समिती नेमली आणि तिच्या प्रमुखपदी सिस्टर ग्लेनिसना बसवलं. या बाईंनी जिल्ह्याच्या वाहन परवाना कार्यालयात एकतीस वर्षं खिडकी सांभाळली होती आणि त्या एकतीस वर्षांत पहिल्या फेरीत एकालाही परवाना दिला नव्हता.

त्यांनी चौदा पानी धोरण लिहिलं. तेल कापसाच्या काडीने लावायचं. हातमोजे घालायचे. लावणाऱ्याने लेखी परीक्षा पास व्हायची. आणि सर्वांत मुख्य कलम: जो माणूस सलग सहा महिने मंडळीत हजर राहिलेला नाही, त्याने कोणाच्याही अंगाला हात लावायचा नाही.

परीक्षेला आम्ही चारही वडील बसलो आणि चारही आपटलो. 'समोरच्याला न विचारता स्पर्श कराल का?' या प्रश्नावर डॉयलने लिहिलं, 'लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही.' बर्टना चष्मा सापडला नाही. एल्मर झोपला. मी मात्र एका प्रश्नात गेलो. 'अभिषेक कोण करतो?' मी लिहिलं, 'देव.' बरोबर उत्तर होतं, 'नोंदणीकृत स्वयंसेवक.'

अशा रीतीने मंडळीत तेल होतं, कपाळं होती, आणि मध्ये कोणीच नव्हतं.

नेमकं तेव्हाच वर्लामावशीने अभिषेक मागितला.

वर्लामावशी सगळ्या गावाची मावशी. वय शहाऐंशी. मार्चमध्ये तिच्या खुब्याने राजीनामा दिला आणि ती चाकांच्या खुर्चीत आली. डॉक्टर म्हणाले, या वयात शस्त्रक्रिया नको. दर रविवारी ती सभागृहाच्या दाराजवळ खुर्ची लावून बसायची आणि येईल त्याला अडवायची.

"हॉयट," ती मला म्हणाली, "मी काही नाचायला उठणार नाहीये. जुने पास्टर यायचे, स्वयंपाकघरातली बाटली घ्यायचे, कपाळाला बोट लावायचे, जायचे. तेवढंच हवंय रे. कुणाचं तरी बोट."

"मावशी, अर्ज केलायस ना?"

"तीनदा."

"मग झालं तर," मी म्हणालो आणि हातातल्या कॉफीकडे असा बघत निघून गेलो, जणू ती सांडणार होती.

मेच्या पहिल्या रविवारी तो आला. दारावर मी होतो. मळकी टोपी, विटकी जीन्स, सहा फूट चार इंच उंची. आमच्या रस्त्यावर घोटाभर चिखल होता आणि त्याच्या बुटांना ठिपका नव्हता. मी ते पाहिलं. माझं नवं पायपुसणं फुकट गेलं, याचं मला वाईट वाटलं.

"कुणाकडे आलात?"

"वर्लाकडे. मला पाठवलंय."

"कुणी?"

त्याने वर बघितलं. मीही बघितलं. वर पंखा होता आणि त्यावर इंचभर धूळ.

"हां हां, पंखे साफ करायला होय! शिडी मागच्या खोलीत आहे."

"नाही हो. तिच्यासाठी निरोप आहे. आणि हे." त्याने खिशातून शिंगाची एक कुपी काढली. झाकण उघडलं नव्हतं, तरी अख्ख्या व्हरांड्यात वास पसरला. कसला, ते मला सांगता येणार नाही. लहानपणी आईने केस विंचरताना जसं वाटायचं, तसला वास.

सिस्टर ग्लेनिस वासावर आल्या नाहीत. 'नोंद नसलेला द्रव' हे त्यांना दुरूनच कळलं. त्यांनी कुपी ताब्यात घेऊन कपाटात कुलूपबंद केली आणि त्याच्यापुढे फॉर्म ठेवला.

"नाव?"

"का विचारता?" तो म्हणाला.

बाईंनी पहिल्या रकान्यात 'का' लिहिलं, आडनावाच्या रकान्यात 'विचारता'. कंप्युटरने ते निमूट घेतलं. त्या दिवसापासून तो ब्रदर का झाला.

"जनावरांबरोबर काम केलंय?"

"सिंह. एक रात्र त्यांची तोंडं मिटून धरली होती."

"तुरुंगात गेला होतात कधी?"

"एकदा. एका माणसाला बाहेर काढायला."

"काढलंत?"

"बेड्या आपणहून गळल्या."

बाईंचा पेन थांबला. "आपल्या हातून कधी कुणाला इजा?"

"अश्शूरी छावणीत," तो आठवत म्हणाला, "एक लाख पंच्याऐंशी हजार."

"शिक्षा झाली होती?"

"नाही."

"मग तो रकाना कोरा राहील," बाई म्हणाल्या. "आणखी काही?"

"याकोब म्हणून एक होता. त्याच्याशी पहाटेपर्यंत कुस्ती झाली. त्याचा खुब्याचा सांधा निखळला."

"खुबा!" सिस्टर ग्लेनिसनी पेनच खाली ठेवला. "पास्टर! हे ऐकलंत का? मावशीचं दुखणं खुब्याचं, आणि हे गृहस्थ खुबेच निखळवत हिंडतात!"

पास्टर ट्रेंटनी समजूतदारपणे मान डोलावली. "ओळखीचं कोणी आहे का, ब्रदर? तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द सांगेल असं?"

"जखऱ्या याजक," तो म्हणाला. "पण मी भेटून गेलो आणि त्याची वाचाच गेली."

हे सगळे किस्से आम्ही बायबलातल्या देवदूतांचे म्हणून लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण फॉर्मवर ते कोणालाच ओळखू आले नाहीत. तरीही त्याला हाकललं नाही. आम्ही प्रेमळ लोक आहोत. त्याला सांगितलं की सहा महिने यावं, मिळून मिसळून राहावं, मग बघू. त्याला पिवळं जाकीट मिळालं आणि गळ्यात 'प्रशिक्षणार्थी' असा बिल्ला. तो ते दोन्ही बराच वेळ बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मला हे घालून परत जाता येणार नाही."

"कुठे जायचंय तुम्हाला?" ग्लेनिस म्हणाल्या. "मागच्या बाजूला गाड्या लावायच्या आहेत."

त्याचं काम मात्र चोख. एका स्तोत्राच्या तीन कडव्यांत तो दोनशे खुर्च्या घडी करून भिंतीला लावायचा. त्या सहा महिन्यांत कॉफीची टाकी कधी रिकामी झाली नाही. पाणी जास्त घालतात की काय, हे बघायला पास्टरांनी उपसमिती नेमली. पहिले काही रविवार तो मला दर वेळी विचारी, "आज?" मी म्हणे, "नियम." मावशी त्याची जाकिटाची बाही धरून विचारी, "काय रे बाळा तो निरोप?" तो खाली मान घालून सांगे, "तोंडी द्यायला परवानगी नाही, मावशी. कार्यालयात लेखी दिलाय."

जुलैतलं एक साप्ताहिक पत्रक मला चांगलं आठवतं, कारण त्यात माझं नाव होतं. वाचूनच दाखवतो: 'शुक्रवारी पुरुषांची न्याहारी, सकाळी सात. बदकाच्या मुठीची काळी छत्री सापडली आहे, ब्रदर हॉयट यांनी न्यावी. तेल ज्याच्या हाताशी असेल त्याने लावावे, वाट पाहू नये. नोव्हेंबरच्या सहभोजनात फरसबी पुरेशी आहे, कोणीतरी गोड आणावे.' मी छत्री नेली. सभागृहाचं दार कित्येक वर्षं कुरकुरत होतं, म्हणून त्याच आठवड्यात घरून साध्या तेलाची कुपी आणून बिजागऱ्यांना तेलही घातलं. गुरुवारी डॉयलने घातलं. शनिवारी बर्टनी. दार इतकं मुकं झालं की कोण आलं, कोण गेलं, काही कळेना.

ऑगस्टमध्ये ब्रदर काने 'आज?' विचारणं सोडलं. सप्टेंबरात एका नव्या बाईने सहभोजनाला अ‍ॅपल पाय आणला, तेव्हा त्याने तिला थांबवून सांगितलं, "भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहायचं असतं. नियम आहे." त्याचा आवाज अगदी ग्लेनिसबाईंसारखा निघाला. ऑक्टोबरात तो समितीवर गेला आणि धोरणाला त्याने तीन पानांचं परिशिष्ट जोडलं. सगळ्यांना बरं वाटलं. आता तो आपल्यातला झाला होता.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. सहा महिने पुरे. सहभोजनाच्या आधी टाळ्यांच्या गजरात त्याचा 'प्रशिक्षणार्थी' बिल्ला काढून 'नोंदणीकृत' बिल्ला घातला. त्याने हातमोजे चढवले, कापसाची काडी घेतली आणि मावशीच्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला. मावशीने टोपी काढली, केस मागे सारले, डोळे मिटले.

"मावशी," तो म्हणाला, "आधी हा अर्ज. आजाराचं नाव, तेलाची अ‍ॅलर्जी, आणि दोघांच्या सह्या. नातेवाईक चालणार नाहीत."

मावशीने डोळे उघडले. "माझे नातेवाईक सगळे तुझ्याच गावाला गेलेत रे. बरं, त्या निरोपाचं काय झालं?"

"छापला की. जुलैतच."

मावशीच्या पिशवीत वर्षभराची पत्रकं होती. मंडळीत पत्रक वाचणारी ती एकटी. तिने चष्मा लावला, जुलैचं काढलं आणि बोट ओळीवरून सरकवत एका जागी थांबवलं.

"तेल ज्याच्या हाताशी असेल... हा?"

"हो."

"मला वाटलं, दाराचं आहे."

"मूळ निरोप मोठा होता," तो पुटपुटला. "सुरुवात 'भिऊ नका' अशी होती. लोक उगाच घाबरतील म्हणून सिस्टरनी ते काढलं. पुढे 'वर्लाच्या कपाळाला' असं होतं. ती खासगी माहिती झाली."

मावशीने माझ्याकडे बघितलं.

"हॉयट, दाराला तेल तूच घातलंस ना?"

"मी, डॉयल आणि बर्ट."

"तीन वडील," मावशी म्हणाली. "तिघांनी मिळून दाराला अभिषेक केलात."

तेलाची कुपी तेव्हाही माझ्या कोटाच्या खिशात होती. मावशी हातभर अंतरावर होती. मी खिशात हातही घातला. पण बिजागरीचं तेल मान्य यादीत आहे की नाही, ते मला आठवेना.

"मावशी, हा विषय समिती मंगळवारी घेईल," सिस्टर ग्लेनिस म्हणाल्या.

"समिती?" मावशी म्हणाली. "गेली तेल लावत तुमची समिती!"

शेजारीच टेबलावर डुकराच्या चरबीत शिजवलेल्या फरसबीचं, तिनेच आणलेलं पातेलं होतं. वर बोटभर तवंग. मावशीने त्यात बोट बुडवलं आणि ब्रदर काच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत ओढलं.

"भिऊ नकोस," ती त्याला म्हणाली. "चुकीच्या लोकांत सापडलास, एवढंच."

त्याच्या चेहऱ्याचं जे झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि होते ते ठरावांत संपले. त्याने बिल्ला काढून खुर्चीच्या मुठीला अडकवला. जाकिटाची घडी करून ठेवली. तो गेला कधी, ते कोणालाच ऐकू आलं नाही. दाराला तेल भरपूर घातलेलं होतं.

सिस्टर ग्लेनिस तिथेच फॉर्म भरायला बसल्या. 'अनधिकृत अभिषेक. द्रव: चरबी, फरसबीच्या पाण्यासह.' मग मला विचारलं, "ब्रदर हॉयट, तुम्ही साक्षीदार. करणाऱ्या व्यक्तीची स्थिती? बसलेली की उभी?"

"मी पातेल्याकडे बघत होतो," मी म्हणालो.

"ब्रदर का किती उंच?"

"सहा फूट चार इंच."

"मग बसून हात पोचायचा नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी 'उभी' वर खूण केली. खूण करून पुढच्या रकान्यात जाणार, तोच त्यांचा पेन हवेत थांबला. आम्ही दोघांनी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती, मुठीला फक्त बिल्ला लोंबत होता. मावशी पलीकडच्या टेबलाशी उभी राहून, पायचा मोठा तुकडा कोणी पळवला, यावरून डॉयलशी भांडत होती.

मंगळवारी समिती बसली. विनापरवाना स्पर्श केल्याबद्दल मावशीला सहा महिने थांबायला सांगितलं. तिच्या उभं राहण्याला या वेळी रकाना होता, त्यात खूणही होती, म्हणून फॉर्म पूर्ण भरला असा शेरा मारून तो फायलीत लावला. माझी कुपी अजून खिशातच आहे.

आणि मंडळी, तुम्ही फार हसू नका. ती ओळ मी तुमच्यापासून लपवली नव्हती. छत्री आणि फरसबीच्या मध्ये स्वच्छ वाचून दाखवली होती, आणि तुम्हालाही दारच दिसलं. आता एवढंच करा. घरातलं कुठलं दार हल्ली मुळीच आवाज करत नाही, ते बघा. आणि त्यातून कोण निघून गेलं, तेही.